दुधाची आवड आणि वासराचा वाटा

माणसाच्या आवडीनिवडी एरवी कितीही खाजगी असोत, जेवणाच्या ताटाशी आल्या की त्यांना चटकन धर्माचे रूप येते. दुधाच्या बाबतीत तर हे फारच लौकर घडते. बेळगावच्या एखाद्या गल्लीतली तीन घरे डोळ्यांसमोर आणावीत. पहिल्या घरात गवळ्याकडचे म्हशीचे दूध येते. त्यावर बोटभर साय आली नाही तर ते दूधच नव्हे, अशी त्या घराची समजूत. दुसऱ्या घरात गाईच्या दुधाखेरीज दुसरे चालत नाही. म्हशीच्या दुधाने बुद्धीला जडत्व येते, असे तिथे लहानपणापासून सांगतात. तिसऱ्या घरचा मुलगा पुण्याला नोकरीस आहे. तो सणाला येताना सोयाबीनच्या किंवा ओटच्या दुधाचा डबा घेऊन येतो. आजी विचारते, "याला दूध कसं रे म्हणायचं?" नातू म्हणतो, "आजी, वासराच्या तोंडचं काढून घ्यायला मला बरं वाटत नाही."

तिन्ही घरे सज्जनांची आहेत. तरी प्रत्येक घराला मनातून वाटते की आपले दूध बरोबर आणि शेजाऱ्याचे काहीसे चुकीचे. येथे प्रश्न उभा राहतो तो असा: दुधाची आवड ही केवळ जिभेची गोष्ट आहे, की तिच्यात पापपुण्याचा काही अंश आहे?

या प्रश्नाला लोक सहसा दोन उत्तरे देतात. एक म्हणतात, "ज्याची त्याची आवड. यात नीतीचा काय संबंध?" दुसरे म्हणतात, "आमचे दूध शुद्ध. तुम्ही पिता ते अशुद्ध." वाचकहो, आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर देणारा दूध कोठून आले हे विसरतो. दुसरे उत्तर देणारा आपली आवड कोठून आली हे विसरतो. या दोन विसरण्यांचा विचार क्रमाने करू.

आधी आवडीचे मूळ पाहू. आवड ही आपली कमाई नव्हे. ती मुलूख, शरीर आणि खिसा या तिघांनी मिळून घडविलेली असते. कृष्णा-पंचगंगेच्या बाजूला पंढरपुरी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. म्हणून कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर माणसे समोर धार काढलेले फेसाळ दूध उभ्या उभ्या पितात आणि त्यांना तीच दुधाची खरी चव वाटते. बेळगावचा कुंदा आणि धारवाडचा पेढा यांनी या भागातल्या जिभेला आटवलेल्या दुधाची गोडी लावली. इंदूरच्या सराफ्यात रात्री कढईत तापणारे दूध पिऊन वाढलेल्या माणसाला पिशवीतले पातळ दूध पाणचट लागणारच. उलट गोव्यात नि कोकणात खोबरे वाटून, पिळून काढलेल्या रसावर स्वयंपाक चालतो. त्या रसाला आपली भाषा कधीपासून 'नारळाचे दूध' म्हणत आली आहे आणि त्यावर कोणा आजीने कधी आक्षेप घेतलेला नाही. झाडापासूनही दूध मिळते ही कल्पना परक्या देशातून आलेली नाही. ती आपल्या सोलकढीच्या वाटीत होतीच.

शरीराचेही तसेच. दुधात जी साखर असते ती पचविणारा पाचकरस बाळपणी सर्वांच्या अंगी असतो. पुढे तो बहुसंख्य माणसांत कमी होत जातो. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना दुधातली ही साखर पुरती पचत नाही. विरजण लागले की तिचा काही भाग आंबण्यात खर्ची पडतो. म्हणून ज्याला पेलाभर दुधाने पोट फुगते त्याला ताक बाधत नाही. आणि तुपात तर ही साखर जवळजवळ उरतच नाही. तेव्हा "मला दूध नको" म्हणणारा पाहुणा नखरेबाज असतो असे नव्हे. त्याचे पोट त्याला जे सांगते ते आपल्या पोटाला ठाऊक नसते, एवढेच.

गाय आणि म्हैस यांच्या दुधातला फरक खरा आहे, यात शंका नाही. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारणपणे साडेतीन ते साडेचार टक्के, तर म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के असतो. गाईचे दूध पिवळसर दिसते, कारण हिरव्या चाऱ्यातील पिवळे द्रव्य त्यात तसेच उतरते. म्हैस त्या द्रव्याचे जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते, म्हणून तिचे दूध पांढरेशुभ्र दिसते. एक पचायला हलके, दुसरे दह्या-खव्याला भरघोस. हा झाला फरक. परंतु फरक म्हणजे पायरी नव्हे. घोटाळा होतो तो येथे. वेगळे दिसले की लगेच एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसविण्याची खोड आपल्या समाजाला फार जुनी आहे. माणसांच्या बाबतीत ही खोड किती घातकी ठरली हे शरणांच्या परंपरेत वाढलेल्यांना सांगायला नको. जन्मावरून माणसाची प्रत ठरवू नये, असे एका तोंडाने म्हणावे आणि दुसऱ्या तोंडाने काळ्या म्हशीला मंद नि तिच्या दुधाला तामसी ठरवावे, हे कसे जुळावे?

म्हशीच्या दुधाला कमी लेखण्याचे काम परदेशी तज्ज्ञांनीही केले होते. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. आणंदच्या सहकारी संघात एच. एम. दलाया या अभियंत्याने ते खोटे पाडले आणि १९५५ मध्ये तेथे म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, मुंबईच्या आरे वसाहतीत दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून 'टोन्ड' दूध तयार केले. त्यामुळे तेवढ्याच म्हशींचे दूध अधिक मुलांच्या तोंडी, कमी दरात पडू लागले. आज पिशवीवर जे 'टोन्ड' लिहिलेले असते त्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, 'फुल क्रीम' म्हणतात त्यात ६ टक्के. पातळ दूध पिणाऱ्याला "पाणी पितोस" म्हणून हसणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की त्या पातळपणामुळेच कित्येक घरांत दूध पोहोचले.

आता या जुन्या उच्चनीचतेला नवे लेबल मिळाले आहे. अलीकडे 'ए-२' नावाने दूध आणि तूप चढ्या भावाने विकतात. दुधातील एका प्रथिनाचे हे दोन प्रकार. आपल्या देशी गाई नि म्हशी बहुतांशी ए-२ देतात; विलायती जातींत दोन्ही आढळतात. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने असे दावे वेष्टनावरून काढून टाकण्यास सांगितले आणि पाचच दिवसांनी ती सूचना मागे घेतली. शास्त्राचा निवाडा काय व्हायचा तो होवो. पण गंमत पाहावी. जी म्हैस काल तामसी होती तिचेच दूध आज या परीक्षेत उत्तीर्ण होते. तरीही महागडी बाटली मात्र गाईचेच चित्र घेऊन येते! येथे आरोग्याबरोबर मोठेपणाही विकला जात आहे, हे ओळखावे. जो पैसा टाकून शुद्धी विकत घेतो त्याला शेजाऱ्याची अशुद्धीही आपोआप हवीशी होते.

म्हणून पहिला निष्कर्ष असा की आवडीचा अभिमान धरू नये. जी मुलखाने, पोटाने आणि मिळकतीने दिली तिचा कसला मोठेपणा?

परंतु येथेच थांबलो तर "ज्याची त्याची आवड" म्हणणारा जिंकला असे होईल. तसे नाही. शर्टाचा रंग निवडणे आणि दूध निवडणे यांत एक मोठा भेद आहे. रंग कोणाच्या तोंडचा नसतो, दूध असते. निसर्गाने ते वासरासाठी, रेडकासाठी निर्माण केले. आपण त्यात वाटेकरी आहोत आणि तेही न विचारता झालेले. बसवण्णांनी आपल्या एका वचनात पूजेच्या दुधाविषयी हाच विचार मांडला आहे की ते आधीच वासराने उष्टावलेले असते. त्या वचनाचा रोख सोवळ्याओवळ्याच्या फोलपणावर आहे, हे खरे. पूर्णपणे कोरे, कोणाचाही स्पर्श न झालेले असे जगात काही नाही आणि देवाला जे मिळेल ते भावाने द्यावे, हा त्याचा आशय. पण त्यातच दुसरी एक जाणीव दडलेली आहे. 'उष्टे' म्हटले की आधी खाणारा कोणी आहे हे मान्य केले. दुधाच्या पेल्यापाशी वासराची आठवण ठेवणे, हा त्या शब्दाचा आपल्यासाठी अर्थ आहे.

ती आठवण आज कितपत उरली आहे? ज्या घरी दोन जनावरे आहेत तेथे अजून चार सडांपैकी एक सड वासरासाठी सोडण्याची रीत काही जण पाळतात. मात्र जनावर जितके हिशेबात शिरते तितके वासरू हिशेबाबाहेर जाते. म्हशीला पारडी झाली तर घरात आनंद होतो. रेडा झाला तर चेहरा पडतो. बैलाला निदान औताचे काम होते, ट्रॅक्टर आल्यावर तेही घटले. रेड्याला तर तेवढेही नाही. त्याच्या वाट्याचे दूध वाचवावे म्हणून त्याला उपाशी ठेवले जाते आणि तो काही दिवसांत मरतो, ही गोष्ट दुधाच्या धंद्यात नवी नाही. आपण चहात जी साय ढवळतो तिच्यात हा वाटाही मिसळलेला असू शकतो. हे कटू आहे, पण खोटे नाही.

महात्मा गांधींना हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी पडला होता. दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. संयम हे एक कारण होते. दुसरे होते ते कलकत्त्याकडील गोठ्यांत गाईम्हशींवर होणाऱ्या 'फुंका' नावाच्या अघोरी प्रकाराचे. जनावराच्या जननमार्गात हवा फुंकून त्याला जबरीने पान्हा फोडायला लावीत. पुढे खेडा जिल्ह्यातील धावपळीनंतर ते मरणप्राय आजारी पडले. १९१९ च्या सुरुवातीस डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत आडवे आले. तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. शेळीच्या दुधाला हरकत काय? गांधीजी कबूल झाले, दूध घेतले आणि बरे झाले. परंतु आत्मकथेत त्यांनी स्वत:ला सोडलेले नाही. व्रताचे अक्षर पाळले, आत्मा मात्र दुखावला, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. शेळीचे दूध ते पुढेही घेत राहिले. पण आपण जिंकलो असे ते कधी म्हणाले नाहीत.

या गोष्टीतून आम्हांस दोन धडे दिसतात. पहिला असा की दुधाचे नाव बदलल्याने हिशेब आपोआप मिटत नाही. गाय सोडून शेळी घेतली, तरी करडू आहेच. दुसरा त्याहून महत्त्वाचा. गांधीजींनी दूध घेतले म्हणून ते पापी झाले नाहीत. जगण्यासाठी माणसाला काही घ्यावेच लागते. त्यांचा थोरपणा असा की घेतलेल्याला त्यांनी गोड नाव दिले नाही. आणि त्यांनी ज्या क्रौर्यावर बोट ठेवले ते पुढे कायद्यानेही ओळखले. प्राण्यांशी क्रूरपणे वागण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील १२ वे कलम फुंका आणि दूध वाढविण्यासाठी केलेले घातक इंजेक्शन, दोन्ही गुन्हा ठरविते. एका माणसाच्या खाण्यातील अस्वस्थता जगाच्या उपयोगी पडते ती अशी.

मग तिसऱ्या घरच्या नातवाचे म्हणणे बरोबर समजायचे का? त्याच्या अस्वस्थतेचा आम्ही आदर करतो. ती थट्टेवारी नेण्याजोगी नाही. ३८ हजारांहून अधिक शेतांची माहिती गोळा करून २०१८ मध्ये पूअर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जगाची सरासरी धरता गाईच्या एक लिटर दुधामागे सुमारे ६२८ लिटर पाणी लागते, बदामाच्या दुधामागे सुमारे ३७१, ओटच्या मागे ४८ आणि सोयाबीनच्या मागे २८, असे त्यातून दिसते. हवा तापविणाऱ्या वायूंच्या बाबतीतही वनस्पतीचे दूध पुष्कळ हलके ठरते. तेव्हा नातवाच्या बाजूला केवळ भावना नाही, आकडेही आहेत.

तरी त्याच्याही डब्याला हिशेब आहेच. बदामांचे दूध घेणाऱ्याने पाहावे की जगातील बहुतेक बदाम कॅलिफोर्नियाच्या टंचाईच्या मुलखात, पाटाच्या पाण्यावर आणि गाड्यांनी वाहून आणलेल्या मधमाश्यांच्या जिवावर पिकतात. जगाच्या सरासरीत आपल्याकडची म्हैसही नेमकी बसत नाही. ती कडबा, भुसा आणि पेंड खाते, म्हणजे माणसाच्या तोंडचे सहसा खात नाही. मात्र तिच्या रवंथातून निघणारा वायू हवा तापवितोच, हेही लपवू नये. आणि तिच्यामागे एक घर उभे असते. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टन दूध झाले. त्यातील मोठा भाग दोन-चार जनावरे पाळणाऱ्या घरांतून आला. शेतातले पीक वर्षातून एकदा-दोनदा पैसा देते. डेअरीचे बिल दहा दिवसांनी येते. त्या बिलावर शाळेची फी, औषध, किराणा चालतो आणि पहाटे उठून धार काढणारे हात बहुधा बाईचे असतात. बेळगाव-कोल्हापूरकडे दिवाळीत गवळी आपल्या म्हशींची शिंगे रंगवून, त्यांना नटवून मिरवतात. त्यांत लिंगायत गवळ्यांची घरे पुष्कळ आहेत. ज्या कायकावर ती घरे जगली त्याला एका वाक्यात क्रौर्य म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही.

येथे नातू विचारील, "कायक झाले म्हणून त्यात जीव दुखावला तरी चालेल काय?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर 'नाही' असेच आहे. कायक हे ढाल नव्हे. रेडकू उपाशी ठेवून काढलेले दूध कष्टाचे असले तरी निर्मळ नव्हे. मात्र त्याचा दोष एकट्या गवळ्यावर ढकलता येणार नाही. दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला की कुरकुरणारे आपणच असतो. आपण जो पैसा वाचवितो तो कोठून तरी कापला जातो. आणि गोठ्यात ज्याला बोलता येत नाही त्याच्या वाट्यातून तो सर्वांत आधी कापला जातो. तेव्हा वासराच्या उपासमारीत पिणाऱ्याचाही हात असतो.

तात्पर्य, आवड स्वत: निर्दोष आहे. ती दोन ठिकाणी सदोष होते. शेजाऱ्याला कमी लेखू लागली तेथे, आणि तिची किंमत दुसरा भरतो हे विसरली तेथे. या दोहोंपासून वाचण्याला फार मोठे तप लागत नाही. पेला हाती घेताना मनाशी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणाच्या वाट्याचे आहे? हे कोणाच्या कष्टाचे आहे? हे पिऊन मी कोणाला हलका समजतो आहे काय? जो हे विचारतो तो म्हशीचे पिवो, गाईचे पिवो, सोयाबीनचे पिवो. त्याचे पिणे सावध आहे. जो विचारीत नाही त्याचे शुद्ध ए-२ तूपही आंधळे आहे, आणि शेजाऱ्याला हिणविण्यासाठी घेतलेले ओटचे दूधही आंधळेच.

आचरणात याचा अर्थ अगदी साधा आहे. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी नर असो मादी असो, पिलाला त्याचा वाटा आधी द्यावा. ज्यांच्या घरी दूध विकत येते त्यांनी गवळ्याशी घासाघीस करू नये; त्याला वेळेवर पैसे द्यावेत आणि वासराची चौकशीही करावी. विचारणारे गिऱ्हाईक असले की पाळणाराही जपतो. दूध वाया घालवू नये. दगडी नागाला दूध आणि जिवंत नागाला काठी, ही विसंगती बसवण्णांनी बाराव्या शतकातच आपल्या वचनात दाखवून दिली आहे. सापाचे अन्न दूध नव्हेच, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. देवापुढेही वाटीभर पुरते. त्यापुढचे हंडे मुलांच्या तोंडी जावेत.

आणि दासोहाच्या पंगतीविषयी एक विनंती. आपल्याकडे हुग्गी वाढली की तिच्यावर दूध-तूप ओतण्याचा आग्रह प्रेमाने होतो. पंगतीत कोणी हात आडवा धरला, तर कारण विचारून त्याला सर्वांसमोर उभे करू नये. कोणाला दूध पचत नसेल, कोणाचा नेम असेल, कोणाचे मन वासराकडे लागलेले असेल. त्याच्या हुग्गीवर नारळाचे दूध घालता आले तर घालावे. नाही तर ती तशीच गोड आहे. वाढणाऱ्याने वाढताना एवढेच पाहावे की पानावरचा माणूस पोटभर आणि संकोचावाचून जेवून उठतो आहे.

शरणु शरणार्थी.